न पाहिलेली धाव

शेठनी पिशवीतून एक जाड लोकरी स्वेटर काढला आणि माझ्यासमोरच्या लाकडी चौकटीवर ठेवला. रंग गर्द हिरवा, कोपरांवर विरलेला. छातीवर पंजाएवढं एक इंग्रजी अक्षर होतं. कधीकाळी ते सोनेरी पिवळं असावं, पण कसरीनं त्याला जागोजागी खाल्लं होतं.

"असं अक्षर होईल तुझ्याकडून?"

मी बोट फिरवून पाहिलं. टॉवेलला असतात तसे लोकरीचे बारीक फास, एकाला एक चिकटून, गच्च. काम जुन्या मशीनवरचं होतं, पण आरीनं जमण्यासारखं होतं. आरी म्हणजे टोकाला आकडी असलेली सुई. चौकटीवर ताणलेल्या कापडातून ती खाली घालायची आणि खालचा धागा वर ओढायचा. हे काम मी तीस वर्षं करते आहे. सुरतेत आता भरतकाम कॉम्प्युटरच्या मशीनवरच होतं, तरी लग्नाच्या घागऱ्यांना हाताचं काम मागणारी गिऱ्हाइकं असतात, म्हणून आमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, अजून आम्ही चार बायका चौकटीवर बसतो.

"होईल," मी म्हटलं. "एकच ना?"

"सव्वीस," शेठ म्हणाले.

शेठचे चुलतभाऊ अमेरिकेच्या दक्षिण भागात, एका लहानशा गावाजवळ, हायवेवर मोटेल चालवायचे. मूळचे बारडोलीकडचे. त्यांच्याकडे रोज सकाळी एक म्हातारे गृहस्थ कॉफी प्यायला येत. निवृत्त शिक्षक, वय सत्त्याऐंशी. स्वेटर त्यांचा होता. तरुणपणी ते कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये होते आणि एका हंगामात त्या टीमला असे स्वेटर मिळाले होते. आता त्यांना त्या टीममधल्या प्रत्येकासाठी तसंच एक अक्षर हवं होतं. तिकडच्या दुकानात त्यांनी एक करून घेतलं होतं, पण तिथलं अक्षर त्यांना प्लास्टिकच्या फुलासारखं दिसलं. काउंटरवर ते निराश होऊन बसले तेव्हा मोटेलवाले काका म्हणाले, "मास्तर, हे आमच्या सुरतेला होईल." आणि ते पार्सल माझ्या चौकटीवर येऊन पडलं.

लोकर सुरतेत मिळेना. इथे सगळा बाजार कृत्रिम धाग्याचा. शेठनी लुधियान्याहून मागवली. मी एक नमुना भरला आणि संध्याकाळी सात वाजता, म्हणजे त्यांच्या सकाळी, व्हिडिओ कॉल लागला. आधी काकांचं टक्कल दिसलं, मग फोन फिरला आणि आजोबा दिसले. काळेसावळे नव्हे, खरे काळे, पांढरेशुभ्र केस, इस्त्रीचा शर्ट, गळ्याशी बटण लावलेलं. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणायला लागले ते त्या बटणामुळे. माझे आजोबा गावाहून सुरतेला यायचे तेव्हा असंच शेवटचं बटण लावायचे.

मी अक्षर फोनसमोर धरलं. आजोबांनी मान हलवली.

"रंग हा नाही म्हणतात," काका म्हणाले. "आणि ट्यूबलाइटखाली दाखवू नको म्हणतात. उन्हात दाखव."

सात वाजता ऊन कुठून आणायचं? म्हणून पुढचे सगळे कॉल आमच्या सकाळी सातला झाले, खात्याच्या गच्चीवर. तिकडे तेव्हा आदली संध्याकाळ असायची आणि काका जेवणानंतर मुद्दाम गाडी काढून आजोबांना मोटेलवर घेऊन यायचे. चार नमुने झाले. आजोबा म्हणायचे, माझी आई मक्याचा पाव भाजायची, त्याच्या वरच्या सालीचा रंग. मी मक्याची भाकरी पाहिली होती, पाव पाहिला नव्हता. शेवटी पिवळी लोकर मी बिनदुधाच्या चहात बुडवून वाळवली. ती उन्हात धरली तेव्हा आजोबा फोनच्या इतके जवळ आले की नुसता एक डोळा दिसत होता.

"हाच," काका म्हणाले. पण ते मलाही कळलं होतं.

काम सुरू झालं. प्रत्येक अक्षराखाली त्या खेळाडूचा नंबर भरायचा होता आणि नंबर आजोबा एकेक करून सांगायचे, लिहून द्यायला तयार नव्हते. नंबर सांगितला की त्या माणसाबद्दल सांगायला लागायचे. पहिल्याच दिवशी ते पाच मिनिटं बोलत राहिले, हात हलवले, एकदा उठून उभे राहिले. काका त्यांना दादा म्हणत, गुजरातीत आजोबांना म्हणतात तसं; बोलणं संपल्यावर ते मला म्हणाले, "बेन, दादा कहे छे के बहु मजा आवी."

"काका," मी म्हटलं, "इतकं बोलले ते, आणि मजा आली एवढंच?"

काका ओशाळले. त्या दिवसापासून ते वाक्यावाक्याला आजोबांना थांबवून सांगायला लागले, अर्धं गुजरातीत, अर्धं हिंदीत. मग त्यांनाच गोडी लागली. वीस वर्षं या माणसाला कॉफी देतोय, ते एकदा मला म्हणाले, आणि हे काहीच मला ठाऊक नव्हतं.

मला कळलं ते असं. तिकडे त्या भागात तेव्हा गोऱ्या मुलांच्या कॉलेजात काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. त्यांची कॉलेजं वेगळी, टीम वेगळ्या, सामनेही आपापसातच. आजोबांचं कॉलेज अगदी लहान. मोठ्या टीममध्ये साठ-साठ मुलं, यांच्यात सव्वीस. त्यांना शिकवणारे गुरू हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि दुपारी चारनंतर शिट्टी गळ्यात घालायचे. डोक्यावरची लोखंडी जाळीची शिरस्त्राणं एका गोऱ्यांच्या शाळेनं टाकून दिलेली, आत दुसऱ्याच मुलांची नावं लिहिलेली. मैदानावर रेषा मारायला चुना नसला की स्वयंपाकघरातलं खराब झालेलं पीठ वापरायचे.

हा फुटबॉल पायानं खेळायचा नव्हे. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अडवायचं. आजोबा पळणाऱ्यांतले नव्हते. पळणाऱ्याच्या पुढे राहून समोरच्याला अंगानं रेटायचं आणि वाट मोकळी करून द्यायची, हे त्यांचं काम.

"मग चेंडू तुमच्या हातात कधी यायचा?" मी विचारलं.

काकांनी विचारलं. आजोबा हसले. "त्या अख्ख्या हंगामात एकदाही नाही."

मला ते खरंच वाटेना. मी काकांना पुन्हा विचारायला लावलं. आजोबांनी दोन्ही तळवे फोनसमोर उघडून दाखवले, जणू अजूनही रिकामेच आहेत.

पहिला सामना ते हरले, तोही आपल्याच मैदानावर. दुसऱ्याला सहा तासांचा प्रवास होता. बस जुनी, चढावर मुलं खाली उतरून ढकलायची. वाटेतल्या हॉटेलांत त्यांना जेवायला बसू देत नसत, म्हणून कॉलेजच्या स्वयंपाकघरातल्या बायका पहाटे उठून पुठ्ठ्याच्या डब्यांत तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी आणि केक बांधून द्यायच्या. पेट्रोल पंपावर पेट्रोल मिळायचं, पण संडासाची किल्ली मिळायची नाही. आजोबांनी हे आवाज न चढवता सांगितलं.

मुक्कामाला लॉज मिळत नसे. त्या गावातली काळी कुटुंबं दोन-दोन मुलांना घरी न्यायची. आजोबांच्या वाट्याला नेहमी एकाहत्तर नंबर यायचा, टीममधला सगळ्यात धिप्पाड. एकाच पलंगावर दोघं. एकाहत्तरचे पाय बाहेर, खुर्चीवर. तो झोपेत गणितं सोडवायचा म्हणे. पुढे तो पुलांचा इंजिनिअर झाला आणि नोकरी मिळेना म्हणून उत्तरेकडे निघून गेला. बारा नंबर चेंडू फेकणारा, तो दातांचा डॉक्टर झाला. अठ्ठावीस बसमध्ये गायचा. अठ्ठावीसचं अक्षर भरत होते तेव्हा आजोबांनी त्याचं एक गाणं म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीत विसरले. काका त्यांच्या शेजारी बसून वाट पाहत राहिले. इकडे गच्चीवर मी. ओळ आली नाही.

पहिल्या पराभवानंतरचे सहा सामने ते एकामागून एक जिंकत गेले. गावातल्या वर्तमानपत्रात यातलं काही छापून यायचं नाही. गोऱ्यांची शाळा सामना हरली तरी तिचा फोटो यायचा. आजोबांची आई सोमवारी ते पान उलटून पाहायची आणि गरम भांड्याखाली ठेवून द्यायची. काळ्या लोकांचं एक साप्ताहिक होतं, ते दुसऱ्या शहरातून दहा दिवसांनी यायचं. त्यात दोन ओळी असायच्या.

शेवटचा सामना त्यांच्या भागातल्या सगळ्यात बलाढ्य टीमशी होता. ते सांगायची वेळ आली तेव्हा माझी बावीस अक्षरं झाली होती. तेहेतीस नंबर भरायचा होता. तेहेतीस म्हणजे पळणारा.

"बारीक होता," काका सांगत होते. "शेतात कापूस वेचायला जायचा, तिथून सरळ मैदानावर. कॉलेजात दोघं एका खोलीत. दादा म्हणतात, त्याला माझ्या पाठीचा भरवसा होता. मी डावीकडे रेटणार की उजवीकडे, हे त्याला माझ्या खांद्यावरून कळायचं."

सामना बरोबरीत होता आणि दोन मिनिटं उरली होती. पाऊस पडून मैदानाचा चिखल झालेला. गुरूंनी आजोबांकडे पाहिलं आणि बोटानं त्यांच्या बाजूची खूण केली. चेंडू सुटला. आजोबांनी समोरच्या माणसाला छातीत खांदा दिला आणि त्याला घेऊन खाली पडले. वर आणखी दोघं पडले. तोंड चिखलात. त्यांच्या अंगावरून, पाठीवर पाय देऊन, तेहेतीस गेला.

"मग?" मी विचारलं.

आजोबांनी कानावर बोट ठेवलं.

"ते म्हणतात, मी फक्त ऐकलं," काका म्हणाले. "आधी आपल्या बाजूचे लोक गप्प होते. मग एकदम ओरडले. माझं तोंड चिखलात होतं. मी डोकं वर काढेपर्यंत तो पलीकडे पोचला होता, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. सत्तर वर्षं मी त्या धावेबद्दल लोकांना सांगतोय. मी ती पाहिलेलीच नाही."

त्या सामन्याचं चित्रण कोणी केलं नव्हतं, फोटोही नव्हता. पण दरवर्षी त्या दिवशी तेहेतीसचा फोन यायचा. कुठेही असो. आणि तो ती धाव आजोबांना पहिल्यापासून सांगायचा. तुझ्या पाठीवर डावा पाय दिला, मग असा वळलो, मग एकाचा हात शर्टाला लागला. काही वर्षं ती धाव लांब व्हायची, काही वर्षं अडवणारे वाढायचे. आजोबा मधे बोलायचे नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी फोन आला नाही. आजोबांनी केला, तर उचलला गेला नाही. पुढच्या आठवड्यात घरमालकाकडून कळलं. तेहेतीसला बायको-मुलं नव्हती.

त्यानंतरच आजोबांच्या मनात अक्षरांचं आलं होतं. सव्वीसपैकी आजोबा धरून तिघं जिवंत होते. बाकीच्यांची मुलं, नातवंडं कुठे आहेत ते त्यांनी पत्रं लिहून, फोन करून शोधलं होतं. कोणाला कुठे पुरलं आहे हेही ते सांगायचे, नंबरासकट.

त्या दिवशी कॉल बंद करायच्या आधी त्यांनी मला विचारलं, मी कधी काही खेळले का.

मी सांगितलं, खो-खो. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत होते तेव्हा. काकांनी त्यांना खो-खो समजावून सांगितला, तो काय समजला देव जाणे. आजोबांनी विचारलं, "किती मुली?"

"नऊ. आणि राखीव तीन."

"आता कुठे असतात?"

माझ्या हातात तेहेतीसचं अर्धं अक्षर होतं. "सगळ्या छान आहेत," मी म्हटलं.

मला एकीचाही पत्ता ठाऊक नव्हता.

आम्ही सुरतेतल्या नवागामच्या खोल्यांत वाढलेल्या मुली. वडील खानदेशातून येऊन लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागलेले, आया घरी साड्यांना टिकल्या लावणाऱ्या. आमच्या भूगोलाच्या बाईंनी आम्हाला धरून खो-खोला उभं केलं. लूमच्या शेडमागे एक मोकळी जागा होती, तिथला सुताचा कचरा रोज आधी वेचायचा, मग खेळायचं. एक खांब लाकडाचा, दुसरा बांबूचा. घरून विरोध नको म्हणून आम्ही स्कर्टखाली पायजमे घालायचो. त्या वर्षी आम्ही पाच शाळांना हरवलं. दुसऱ्या शाळांच्या मुलींच्या पायांत कॅनव्हासचे बूट, आम्ही अनवाणी. सामन्याआधी त्या आमच्या पायांकडे बघून हसायच्या, सामन्यानंतर हसायच्या नाहीत.

आमची कॅप्टन माझ्याच चाळीतली. तिच्यासारखी हुलकावणी मी नंतर कोणाची पाहिली नाही. पाठलाग करणारीला वाटायचं हाताला लागलीच, आणि ही खांबाच्या पलीकडे असायची. पळताना ती हसायची. त्यामुळे मागची जास्तच चिडायची.

फायनलच्या दिवशी सकाळी आम्ही बसथांब्यावर जमलो. कॅप्टन आली नाही. बाईंनी मला तिच्या घरी पाठवलं. दाराला कुलूप. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "रात्रीच्या गाडीनं गावाले गयात. पोरीचं जमलं." ती पंधरा वर्षांची होती. आम्ही राखीव मुलीला घेऊन खेळलो आणि एका गुणानं हरलो. बसमध्ये कोणी रडलं नाही. बाईंनी सगळ्यांना केळी घेऊन दिली. दोन वर्षांत माझंही लग्न झालं. एकेक करत सगळ्या गेल्या, आडनावं बदलली, काही गावी, काही सुरतेजवळ हजीऱ्याच्या बाजूला, काही कुठे कोण जाणे. तेव्हा कोणाकडे फोन होता?

सव्वीस अक्षरं मी पाऊस संपायच्या आत पुरी केली. नंतर काकांनी व्हिडिओ पाठवला. एक मोठी खोली, टेबलावर हिरवं कापड, त्यावर अक्षरं मांडलेली. आजोबा उभे राहून नंबर पुकारत होते, चिठ्ठीत न बघता. कोणाची मुलगी पुढे यायची, कोणाचा नातू. बारा नंबरला चार पोरी आल्या, चौघी एकदम. जिवंत असलेल्यांतला एक चाकाच्या खुर्चीत होता. त्यानं अक्षर गालाला लावलं. तेहेतीस पुकारल्यावर कोणी आलं नाही. आजोबांनी थोडी वाट पाहिली, मग ते अक्षर उचलून आपल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि पुढचा नंबर घेतला. माझ्या मुलानं तो व्हिडिओ बघून विचारलं, "मम्मी, ते रडताय का?" रडत नव्हते. मी नीट पाहिलं होतं.

त्या वर्षी दिवाळीत एकदा कॉल आला, मग संक्रांतीला. पुढे शेठकडून कळलं की काकांनी मोटेल विकलं आणि ते मुलीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले. मी विचारलं, आजोबांचं काय? शेठ म्हणाले, आता त्यांचा काय संबंध. मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "बेन, दादाकडे स्वतःचा असा मोबाइल नव्हताच. घरचा फोन होता, त्याचा नंबर मोटेलच्या भिंतीवर लिहिलेला होता. नवीन माणसानं भिंत रंगवली." त्यांनाही वाईट वाटलं होतं, आवाजातून कळत होतं.

माझ्या सकाळी सातच्या वेळेला मग काही कामच उरलं नाही. मी तरी गच्चीवर जायचे. एक दिवस वाटलं, त्या माणसानं सत्त्याऐंशीव्या वर्षी पंचवीस जणांना शोधलं, ते बहुतेक तर मातीखाली होते. माझ्या तर सगळ्या जिवंत असतील, आणि एवढ्याशा दोन जिल्ह्यांत असतील.

रविवारी मी नवागामला गेले. आमच्या चाळीच्या जागी तीन मजले उभे होते. पिठाच्या गिरणीवर एक बाई ओळखीची वाटली. ती आमच्यातल्या एकीची वहिनी निघाली, खांबाजवळ शेवटी बसायची तिची. म्हणाली, नणंद बारडोलीला असते, नवरा साखर कारखान्यात. तिनं लगेच फोन लावून दिला. तिकडून एकदम आमच्या अहिराणीत, "इतला दिन कथा व्हती व तू?" इतके दिवस कुठे होते, म्हणून.

पुढच्या रविवारी मी बारडोलीला गेले. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर इतके की बस मुंगीसारखी चालली होती. मैत्रीण स्टँडवर घ्यायला आली होती. केस पांढरे, अंग सुटलेलं, पण चालताना उजवा खांदा तसाच पुढे. तिच्या घरी आम्ही दोन तास बोललो. तिला सामने फारसे आठवत नव्हते, बाईंचा आवाज आठवत होता आणि बांबूच्या खांबाची कुसळं. मग मी कॅप्टनचं विचारलं.

"शहाद्याकडे असते," ती म्हणाली. "माझ्या जावेच्या माहेरच्या गावात. दहाएक वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली. नंबर आहे." आणि मी नको-हो म्हणायच्या आत तिनं फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"कोन बोली ऱ्हायनं?" पलीकडे वारा होता. ती शेतात असावी.

मी सांगितलं मी कोण. ती हसली, तेच हसू, आणि मला तिच्यामागे धावल्यासारखा दम लागला.

"तुम्ही जिकनात ना व तवय?" ती म्हणाली. "माले समजनं व्हतं. मी नव्हते तरी जिंकलात. कितीदा मनात येतं. कप कुठे आहे गं आता?"

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती ताटातले शेंगदाणे सोलत होती, मान खाली. सोलून झालेलेच पुन्हा सोलत होती.

"शाळेत आहे," मी म्हटलं. "ऑफिसच्या कपाटात. काचेच्या."

"काचेच्या?"

"हो. बाहेरून दिसतो."

ती म्हणाली, नातवाला घेऊन येते एकदा, दाखवायला. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की येते. तिकडून कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

"आपण जिंकलो असं का सांगितलंस तिला?" मी मैत्रिणीला विचारलं.

ती म्हणाली, "लग्नात भेटली ना, तर पंगतीत वाढत होती. मला बघून हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं आणि पहिलं तेच विचारलं. कशी आहेस वगैरे नाही. जिंकलात का, म्हणून. चेहरा असा केला होता... माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि तू काचेचं कपाट कुठून काढलंस?"

मग आम्ही दोघी हसायला लागलो. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. ती म्हणाली, शेंगदाण्याची फोलपटं गेली.

ती शाळा बंद होऊन बारा वर्षं झाली. तिथे आता लग्नाचा हॉल आहे. आखाजी दीड महिन्यावर आली आहे आणि कॅप्टनचे दोन फोन येऊन गेले. नातवानं पायात घालायला नवे बूट मागितले आहेत, सुरतेला जायचं म्हणून. खरं सांगायचं एवढं आम्ही दोघींनी ठरवलं आहे. कोणी सांगायचं, यावर अजून आमचं भांडण चालू आहे.